फी माफ झाली, पण तिकिटाचं काय? टीसी हातात आल्यापासून प्रवेश होईपर्यंत केजचं पोरगं कुठल्याच योजनेत बसत नाही

केज : बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ सीईटीचा लागतो आणि तालुक्यातल्या घराघरात हिशेब सुरू होतो. पहिला प्रश्न फीचा. त्याचं उत्तर आता बऱ्यापैकी सापडायला लागलं आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या लेकरांना फ्रीशिप, शिष्यवृत्ती आधीपासून आहे. मोबाईलवर याचे व्हिडिओ फिरतात, पुढाऱ्यांच्या बॅनरवर आकडे असतात.

दुसरा प्रश्न मात्र कुणी बॅनरवर छापत नाही. कॉलेज बघायला आणि तिथं जाऊन प्रवेश पक्का करायला जायचं कशानं, आणि त्या पैशाचं काय?

केजहून लातूर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर एकशे ऐंशीच्या आसपास. पुणे गाठायचं म्हणजे पावणेतीनशे धरून चाला. मुंबई, नागपूर तर रात्रभराचा प्रवास. तालुक्यात रेल्वे नाही. 17 सप्टेंबर 2025 ला बीड ते अहिल्यानगर गाडी सुरू झाली, पेढे वाटले, चांगलं झालं. पण केजच्या माणसाला त्या गाडीत बसायला आधी बीड गाठावं लागतं. म्हणजे बहुतेकांचा भरोसा एसटीवरच.

एसटीची भाडेवाढ जानेवारी 2025 मध्ये झाली, 14.95 टक्के. साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा 8 रुपये 70 पैशांवरून 10 रुपये 5 पैशांवर गेला. त्या दरानं पुण्याचं एका माणसाचं एका बाजूचं तिकीट साडेचारशेच्या घरात जातं. बाप आणि पोरगा, जाऊन येऊन अठराशे. पुण्यात उतरल्यावर रिक्षा किंवा सिटी बस, दोन वेळचं जेवण, काम त्याच दिवशी झालं नाही तर एक रात्र लॉज. तीन हजारांच्या आत हे बसवणं अवघड आहे. रोजगार हमीचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता, म्हणजे जवळपास दहा दिवसांची मजुरी एका खेपेत. सोयाबीनच्या भाषेत सांगायचं तर 5,328 च्या हमीभावानं छप्पन किलो. तो भाव बाजारात मिळतो का, हे ज्याच्या घरी सोयाबीन आहे त्याला सांगायची गरज नाही.

आणि ही खेप कधी येते? जुलै-ऑगस्टमध्ये. पेरणीत, खतात, फवारणीत पैसा जाऊन बसलेला असतो आणि पीक अजून रानात असतं. ऊसतोड कुटुंबांचं तर आणखी वेगळं. मागच्या हंगामाचे पैसे संपलेले, पुढची उचल अजून हातात नाही. तीन हजार ही रक्कम जानेवारीत वेगळी असते आणि ऑगस्टमध्ये वेगळी.

मदत आहे, पण एक तर आधी संपते, नाहीतर नंतर सुरू होते

प्रवासाला मदतच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण ती कुठं सुरू होते आणि कुठं थांबते, हे बारकाईनं पाहिलं पाहिजे.

अहिल्याबाई होळकर योजनेत गावातल्या मुलीला शाळेत जायला एसटीचा मोफत पास मिळतो. तो बारावीपर्यंत. बारावी झाली, पास संपला. इतर विद्यार्थ्यांच्या मासिक पासात 66.67 टक्के सवलत आहे, पण तो पास घर ते कॉलेज अशा रोजच्या ये-जा साठी, आणि त्यासाठी कॉलेजात नाव दाखल असावं लागतं. सुट्टीत गावी जायला, परीक्षेला जायला विद्यार्थ्यांना एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत जुन्या यादीत आहे. त्या यादीत परीक्षा आहे, सहल आहे. प्रवेशासाठी जाणं नाही.

रेल्वेचं तेच. करोनात बऱ्याच सवलती बंद झाल्या, ज्येष्ठांचीही गेली, पण विद्यार्थ्यांची राहिली. कॉलेजहून घरी जायला-यायला सर्वसाधारण विद्यार्थ्याला 50 आणि एससी-एसटीला 75 टक्के सूट. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळेतल्या मुलीला मेडिकल, इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय पातळीवरच्या प्रवेश परीक्षेला जाण्यासाठी दुसऱ्या वर्गात 75 टक्के सूट आहे. ही फार कमी लोकांना माहीत आहे. पण आपल्याकडं अकरावी-बारावीची बहुतेक पोरं संस्थांच्या कॉलेजात असतात, सरकारी शाळेत नाही. शिवाय सूट परीक्षेची, प्रवेशाची नव्हे.

आता दुसऱ्या टोकाला या. स्वाधार योजना, स्वयं योजना, सावित्रीबाई फुले आधार योजना, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. या सगळ्यांत राहण्या-खाण्याला चांगली रक्कम आहे. पण अर्जात पहिल्यांदा काय मागतात? प्रवेश झाल्याचा पुरावा. म्हणजे प्रवेश होईपर्यंत यातला एक रुपया मिळत नाही. प्रवेश झाल्यावरही हप्ता बऱ्याचदा महिनोनमहिने येत नाही, ते रडगाणं वेगळं.

मधले सहा-आठ आठवडे राहिले. टीसी काढली म्हणजे जुन्या कॉलेजनं नाव कमी केलं. नवं कॉलेज अजून मिळालेलं नाही. सरकारच्या दप्तरात या दिवसांत ते पोरगं विद्यार्थीच नसतं. आणि पैसे खर्च करून सगळ्यात जास्त फिरावं लागतं ते नेमकं याच दिवसांत. आधी केजच्या तहसीलला उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, मग बीडला जात पडताळणीच्या खेपा, मग कॉलेज.

नोकरीच्या परीक्षेला सरकारनं हे ओळखलं आहे. रेल्वे भरतीच्या परीक्षेला एससी-एसटी उमेदवाराला रेल्वेचा मोफत पास मिळतो. लांब बोलावलं तर गरिबाला यायला पैसे लागतील, हे तिथं मान्य आहे. कॉलेजला बोलावताना मात्र ते कुणाच्या डोक्यात येत नाही.

मोबाईलवर कुठपर्यंत, एसटीनं कुठून पुढं

एक गोष्ट मान्य करायला हवी. पूर्वीपेक्षा खेपा कमी झाल्या आहेत. एकेकाळी समुपदेशन फेरीला समोर हजर राहावं लागायचं आणि जागा भरत जाताना पोरगं-बाप हॉलमध्ये ताटकळत बसायचे. 2020 पासून सीईटी सेलनं ई-स्क्रुटिनी आणली. कागदपत्रं घरून किंवा नेट कॅफेतून अपलोड करायची, तपासणी तिकडून होते. ऑप्शन फॉर्म मोबाईलवर भरता येतो. जागा मिळाली की सीट स्वीकारण्याचे पैसे ऑनलाइन. इंजिनिअरिंगला बेटरमेंट घेतलं, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी चांगलं मिळतं का बघतो असं म्हटलं, तर तेवढ्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही. हे केजमधल्या बऱ्याच पालकांना माहीत नसतं आणि ते उगाच पहिल्याच फेरीत गाडी करून निघतात.

पण शेवटचं पाऊल अजून पायीच आहे. जागा पक्की केली की ठरलेल्या तीन-चार दिवसांत मूळ कागदपत्रं घेऊन त्या कॉलेजात रिपोर्टिंग करावं लागतं. तारीख चुकली की जागा गेली. 2025 मध्ये इंजिनिअरिंगच्या तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते आपोआप पक्कं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनमधलं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहामधलं मिळालं तरी पक्कं. म्हणजे ऑप्शन फॉर्मात वर काय टाकलं याला आता फार किंमत आली आहे. न बघितलेलं कॉलेज वर टाकलं आणि तेच मिळालं, तर मागं फिरायला वाट नाही.

मेडिकलला याहून कडक. जी जागा मिळाली तिथं स्वतः जायचं, मूळ कागदपत्रं आणि फीचा डीडी द्यायचा, तेव्हा रुजू झाल्याचं धरतात. पुढच्या फेरीत कॉलेज बदललं की पुन्हा नव्या गावाला. केजच्या पोराला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज मिळालं तर सोन्याहून पिवळं, सकाळी जाऊन दुपारी घरी. पण गोंदिया मिळालं, नंदुरबार मिळालं, सिंधुदुर्ग मिळालं तर? तिन्ही सरकारी कॉलेजं आहेत, फी सारखीच आहे, पण पोहोचायचा खर्च सारखा नाही.

खरं तर कागदपत्रं एकदा ई-स्क्रुटिनीत तपासून झालेली असतात. मग मूळ प्रती बघायला चारशे किलोमीटर का बोलवायचं? तालुक्यातल्या आयटीआयमध्ये किंवा जवळच्या सुविधा केंद्रात मूळ प्रती दाखवल्या, तिथल्या माणसानं सही-शिक्का मारला, तर कॉलेजला ते चालायला काय हरकत आहे? वर्ग सुरू होताना पोरगं जाणारच आहे. तेव्हा सामानसुमान घेऊन एकदाच जाईल. याला नवा पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

बघितल्याशिवाय यादी, आणि त्याचा फटका मुलींना

रिपोर्टिंगची खेप नाइलाजानं होते, उसनंपासनं करून होते. होत नाही ती बघण्याची खेप. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेज कसं आहे, लॅब चालू आहे का, हॉस्टेल आवारात आहे की दोन किलोमीटरवर, स्टँडपासून वाट कशी आहे, हे बघून येणं केजमध्ये चैन समजली जाते. शहरातलं पोरगं दुपारी स्कूटीवर जाऊन तीन कॉलेजं बघून येतं. इथलं पोरगं कटऑफच्या यादीवरून आणि नेट कॅफेवाल्याच्या सांगण्यावरून पसंती भरतं.

मुलींच्या बाबतीत न बघण्याची किंमत जास्त मोजावी लागते. बापानं हॉस्टेल डोळ्यानं बघितलं नाही, वॉर्डनशी बोलणं झालं नाही, तर तो पोरीला लांब पाठवत नाही. मग 90 पर्सेंटाइलची पोरगी अंबाजोगाई किंवा बीडचं कॉलेज टाकते, नाहीतर बीएस्सीला जाते. जवळची कॉलेजं वाईट आहेत असं म्हणायचं नाही. पण पोरीनं ते निवडलं की तिकिटानं निवडलं, हा फरक राहतोच. शंभर टक्के फी माफीचा लाभ अशा वेळी कागदावर राहतो. सरकार लाखभर फी सोडायला तयार असतं आणि घर दोन हजारांच्या खेपेवर अडतं.

इथं एक उघड दिसणारी गोष्ट वापरली जात नाही. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत सरसकट अर्धं तिकीट आहे. पुण्याला पोरगी बापाबरोबर गेली तर दोघांचं जाऊन येऊन तिकीट साडेतेराशे. आईबरोबर गेली तर नऊशे. संभाजीनगरला मायलेकी सहाशेत जाऊन येतात. कॉलेज बघायला जाणाऱ्या मुलीला आज मिळणारी सरकारी मदत म्हणाल तर हीच एक आहे, आणि ती मदत म्हणून कुणी दिलेली नाही, सहज पदरात पडली आहे. आई बरोबर गेली तर आणखी एक होतं. हॉस्टेलची खोली, संडास-बाथरूम, मेसचं जेवण बाई माणूस जसं बघतं तसं बाप बघत नाही. बाप ऑफिसात फी विचारून परत येतो. फक्त लक्षात ठेवायचं, ही सवलत एसटीतच. खासगी ट्रॅव्हल्सला नाही, आणि प्रवेशाच्या, सणाच्या दिवसांत ट्रॅव्हल्सचे दर कुठं जातात ते सगळ्यांना माहीत आहे.

ज्याला दोन-तीन शहरांतली कॉलेजं एका दमात बघायची आहेत, त्यानं एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास विचारावा. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो. देवदर्शनाला लोक तो काढतात, कॉलेजसाठी काढलेला कमी ऐकू येतो.

फुकटची गाडी

ही पोकळी कुणीतरी भरतंच. निकालाच्या सुमारास गावोगाव काही खासगी कॉलेजांची माणसं फिरतात. बारावीच्या पोरांचे नंबर त्यांच्याकडं आधीच असतात. कॉलेज बघायला चला, गाडी आमची, जेवण आमचं. लांबच्या नर्सिंग, फार्मसी, बीटेकच्या कॉलेजांसाठी अशा गाड्या भरून जातात. गाडी पाठवणं गुन्हा नाही आणि असं प्रत्येक कॉलेज वाईट असतं असंही नाही. पण गाडीत बसलेला माणूस तेच एक कॉलेज बघतो. शेजारचं सरकारी कॉलेज त्याला कुणी दाखवत नाही. आणि दुपारच्या जेवणानंतर, आज पाच हजार भरले तर सीट पक्की, असं म्हटलं की खिशातून पैसे निघतात.

त्या गाडीत बसायचंच असेल तर काही गोष्टी पक्क्या धराव्यात. मुलींच्या फी माफीचा निर्णय कॅपमधून झालेल्या प्रवेशाला आहे. संस्था पातळीवर, म्हणजे मॅनेजमेंटमधून घेतलेल्या जागेला तो लागत नाही. गाडीवाला माणूस हे सांगत नाही. कॉलेजची मंजूर फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसतं, तिथं बघावी. आणि मूळ कागदपत्रं तिथं ठेवून यायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ प्रती पिशवीत परत. मूळ दाखले अडकवून ठेवता येत नाहीत, हे यूजीसीनं 2018 लाच कॉलेजांना कळवलेलं आहे. दाखले अडकले की पोरगं अडकतं, पुढच्या फेरीत चांगली जागा मिळाली तरी.

परदेशात हीच गोष्ट उघडपणे केली जाते. अमेरिकेत काही मोठी आणि नावाजलेली कॉलेजं गरीब घरातल्या हुशार मुलांना स्वतःच्या खर्चानं, विमानाचं तिकीट काढून, दोन-तीन दिवस राहायला बोलावतात. पोरं वर्गात बसतात, हॉस्टेलात झोपतात आणि मग ठरवतात. त्याला तिकडं फ्लाय-इन म्हणतात. इंग्लंडमध्येही काही विद्यापीठं कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना कॉलेज बघायला येण्याचं भाडं परत देतात. आपल्याकडं विमान नको. पण नावाजलेलं कॉलेज गरीब पोराला बोलावतं आणि आपल्याकडं ज्याच्या जागा रिकाम्या राहतात ते कॉलेज गाडी पाठवतं, हा फरक डोळ्यात भरण्यासारखा आहे.

केजमध्ये काय होऊ शकतं

एसटी महामंडळाला एक छोटी दुरुस्ती करता येईल. सीईटी सेलच्या अलॉटमेंट लेटरवर पोराचं नाव, कॉलेजचं नाव आणि रिपोर्टिंगच्या तारखा छापलेल्या असतात. त्या तारखांना, त्या गावापर्यंत, ते लेटर आणि आधार दाखवून पोराला आणि बरोबरच्या एका पालकाला अर्धं तिकीट. गैरवापराला जागाच राहत नाही, कारण सगळं कागदावर आहे. मुलींना अर्धं तिकीट आहेच, म्हणजे नवा बोजा पडेल तो मुलांचा आणि वडिलांचा, तोही वर्षातून काही दिवस. आमदार-खासदारांना निवेदनं देणाऱ्या संघटना तालुक्यात कमी नाहीत. रास्ता रोकोच्या यादीत हा विषय अजून आलेला नाही एवढंच.

दुसरा रस्ता गावातून जातो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के निधी मागासवर्गीयांसाठी आणि 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करावा लागतो. जिल्हा परिषदेच्या सेसमध्ये 20 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणाचे. या पैशातून बऱ्याच गावात काय होतं ते ग्रामसभेत बसणाऱ्याला विचारा: सतरंज्या, भांडी, कधी नुसती बिलं. छोट्या गावाची घरपट्टी वसूलच होत नाही, मग 15 टक्के म्हणजे काही हजार रुपये, हे खरं आहे. पण इथं लागतात तेही काही हजारच. एका गावातून एका वर्षी लांबच्या कॉलेजला जाणारी पोरं पाच-सात असतात. तिकिटं आणि अलॉटमेंट लेटर जोडून ग्रामसभेत ठराव मांडला तर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी उत्तर द्यावं लागेल. नियमात बसत नाही असं उत्तर आलं तरी तो कागद पुढं नेता येतो. आजवर विचारलंच नाही म्हणून नाही म्हटलं गेलं नाही.

तोवर पोरांनी एकमेकांना विचारून निघावं. एकाच शहरात जागा मिळालेली तालुक्यातली चार पोरं एका गाडीनं गेली तर चार बापांपैकी दोघांनी गेलं तरी भागतं. पुण्यात चाकण, हिंजवडी, हडपसरला केजच्या प्रत्येक गावची माणसं कामाला आहेत, लॉजचे पैसे तिथं वाचतात. निघण्याआधी कॉलेजच्या प्रवेश विभागाला फोन करून कोणते मूळ दाखले, किती झेरॉक्स, पैसे ऑनलाइन की डीडी, हे लिहून घ्यावं, कारण एका राहिलेल्या कागदासाठी परत केजला येणं म्हणजे दुसरे तीन हजार. त्याच खेपेत हॉस्टेलचा अर्ज, समाजकल्याणच्या वसतिगृहाची चौकशी आणि बोनाफाईडची मागणी उरकून घ्यावी. बोनाफाईड हातात पडलं की एसटीचा पास, रेल्वेची सूट, स्वाधारचा अर्ज, सगळं तिथून पुढं सुरू होतं.